सहाव्या होलची कॉफी

आर्मास लेहतोलाने गोल्फच्या नियमांचं पुस्तक अठ्ठावीस वेळा वाचलं होतं, आणि त्या मानाने गोल्फ कमीच खेळला होता. यात त्याचा फारसा दोष नव्हता. कुइवालांपी गावाचं मैदान मे महिन्याच्या शेवटी उघडतं आणि सप्टेंबर सरायच्या आत बंद होतं. उरलेले आठ महिने माणसाने करायचं काय? गावातले बाकीचे लोक गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरतात, लाकडं फोडतात, शेजाऱ्याशी अबोला धरतात. आर्मासला मासे आवडत नसत, लाकडं त्याची बायको हिल्का त्याच्यापेक्षा चांगली फोडत असे, आणि अबोला धरायचा तर त्याआधी माणसाशी बोलावं लागतं. म्हणून तो नियम वाचत असे. पस्तीस वर्षं गावाच्या वाचनालयात ग्रंथपाल होता. सवय जात नाही.

या देशात परीक्षा दिल्याशिवाय गोल्फच्या मैदानावर पाय ठेवू देत नाहीत. आर्मासला लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. तेवढे गुण गावात त्याआधी कुणाला मिळाले नव्हते आणि नंतरही नाहीत. प्रत्यक्ष खेळण्याच्या परीक्षेत मात्र त्याला तिसऱ्या खेपेला पास केलं, तेसुद्धा परीक्षकाची शेवटची बस चुकत होती म्हणून.

अशा माणसाच्या नावाची पितळी पट्टी क्लबच्या भिंतीवर होती. छोट्या काचेच्या पेटीत पिवळट पडलेला एक चेंडू, आणि खाली अक्षरं: ‘आर्मास लेहतोला. सहावं होल. एका फटक्यात. साक्षीदार: काउको पोरहोला.’ एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर तसा पराक्रम कुइवालांपीत कुणाच्या हातून घडला नाही. क्लबमध्ये शिरताना आर्मास त्या पेटीकडे न बघता आत जायचा. लोकांना तो विनय वाटे. तो विनय नव्हता. कारण पुढे येईलच.

तर पट्टीला एकतीस वर्षं झाली त्या वर्षी जानेवारीत दोन दिवस अवेळी पाऊस पडला आणि तिसऱ्या दिवशी पारा उणे पंचवीसवर गेला. सगळं मैदान काचेसारखं झालं. झेंड्याभोवतीची जी बारीक कापलेली हिरवळ असते, तिच्यावर असा घट्ट बर्फ तीन महिने बसला की खालचं गवत गुदमरून मरतं. बाकीच्या होलांवर ऊन येतं, तिथला बर्फ आपणहून जातो. सहावं होल फर वृक्षांच्या सावलीत, टेकाडाच्या पलीकडे. आधीची दोन वर्षं तिथलं गवत मेलंच होतं.

मार्चमधल्या सभेत अध्यक्षीणबाई राउनी उभ्या राहिल्या. राउनी पूर्वी पोस्टमास्तरीण होत्या; त्यांचा आवाज अजूनही खिडकीच्या काचेपलीकडून आल्यासारखा येई.

“दोन वर्षं सहाव्यावर बी पेरलं, दोन वर्षं उन्हाळाभर वाट बघितली. आता नाही. यंदा गवत जगलं तर जगलं. नाहीतर सहावं कायमचं बंद. त्याऐवजी पाचवं दोनदा खेळायचं.”

“पाचवं दोनदा?” मागून कुणीतरी विचारलं.

“चर्चमध्ये एकच स्तोत्र दोनदा म्हणतोच की आपण. देवाची कधी तक्रार आली नाही.”

आर्मास एकतीस वर्षं या सभांना येत होता. इतक्या वर्षांत तो एकदाच बोलला होता, आणि ते ‘खिडकी लावली तर चालेल का’ एवढंच. त्यामुळे तो उभा राहिला तेव्हा तीन जण खिडकीकडे वळले.

“मी बघतो,” आर्मास म्हणाला.

“काय बघतो?”

“बर्फाचं. सहाव्याच्या.” आणि खाली बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपले कान तापले आहेत, आणि बर्फ कसा काढतात ते आपल्याला अजिबात ठाऊक नाही.

ते सहावं होल त्याने आणि काउकोने मिळून केलेलं होतं. काउको खोदकामाचं यंत्र चालवायचा. गावातले सगळे खड्डे त्याचे, कबरींसकट. सूर्य मावळायचं नावच घेत नाही अशा एका जूनमध्ये दोघांनी बटाट्याच्या जुन्या शेतात माती ओढली, दगड वेचले, गवताची गुंडाळी अंथरली. काउको यंत्रावर बसून शिट्टी वाजवायचा आणि आर्मास हातात पुस्तक धरून उताराची मापं सांगायचा. हिल्का आणि काउकोची बायको सायकलवरून कॉफी आणि दालचिनीचे पाव आणायच्या. चौघं त्या उघड्या मातीवर बसून खायचे. काउकोची बायको आता नाही. काउकोचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि तो नगरपालिकेच्या वृद्धनिवासात राहत होता. एप्रिलअखेरीस मुलगी येऊन त्याला कायमचं दक्षिणेला घेऊन जाणार होती.

त्याच्याकडेच आर्मास आधी गेला.

“तू? सभेत बोललास?” काउकोने विचारलं. “दारू घेऊन गेला होतास का?”

“नाही रे.”

“मग बरं नसेल वाटत. हे बघ ग्रंथपाला, बर्फावर काळं काहीतरी पसर. ऊन पडलं की काळं तापतं, बर्फ सुटतो. सौनाच्या चुलीतली राख टाक. सोपं काम.”

आर्मासने घरी येऊन तीन पुस्तकं बघितली. राखेने कोवळं गवत जळतं असं एकात होतं. दुसऱ्यात राख उत्तम असं होतं. तिसरं टोमॅटोवरचं होतं. शेवटी शेजारची सिस्को कुंपणावरून म्हणाली, “कॉफी टाक की. उकळून उरलेला चोथा. काळा असतो, गवताला खतही होतो. आणि या गावात दुसरं काय पिकतं?”

ते पटण्यासारखं होतं. कुइवालांपीत माणूस दिवसाला सात पेले कॉफी पितो. पाच पिणाऱ्याची लोक तब्येत विचारतात. आर्मासने दुकानात एक बादली ठेवली, चर्चच्या सभागृहात एक, वृद्धनिवासात दोन. वर सुबक अक्षरांत चिठ्ठी: ‘सहाव्या होलसाठी’. आठवड्यात अकरा बादल्या भरल्या. त्यात म्हातारी लेम्पी वारली आणि तिच्या अंत्यविधीनंतरच्या कॉफीपानाला लोकांनी, ‘सहाव्यासाठी’ म्हणत, चौथा पेला घेतला. लेम्पीच्या मुलाने आर्मासचा हात हातात घेऊन सांगितलं, “आईला फार आवडलं असतं.” लेम्पीला गोल्फचा मनस्वी तिटकारा होता. आर्मास मान खाली घालून दोन बादल्या घेऊन निघाला. अंत्यविधीतून बादल्या घेऊन निघालेला माणूस कितीही गंभीर चालला तरी चांगला दिसत नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

अंगणात ठेवल्यावर अकराही बादल्या गोठल्या. कॉफीचे अकरा दगड झाले. ते पसरायचे तर आधी वितळवून वाळवायला हवेत. आणि वाळवायला गरम जागा प्रत्येक घरात एकच असते, वाफेने न्हायची खोली.

“सौनात?” हिल्का म्हणाली. “माझ्या सौनात?”

“फळ्यांवर वर्तमानपत्र घालून. शनिवारच्या आत काढतो.”

शनिवारच्या आत ते वाळलं नाही. शनिवारची सौना चुकवणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. युद्धातही ती चुकली नव्हती असं हिल्काचे वडील सांगत. तेव्हा शनिवारी दोघं वरच्या फळीवर, उरलेल्या वीतभर जागेत, चोथ्याच्या ढिगांमध्ये बसली. हिल्काने तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफ उठली आणि तिच्याबरोबर सगळी कॉफीही. अंगावर झोडायची बर्चची डहाळी तपकिरी झाली. आर्मास तपकिरी झाला. हिल्का काहीच बोलली नाही. लग्नाला बावन्न वर्षं झाल्यावर न बोलण्याचेही प्रकार ओळखता येतात, आणि हा प्रकार नवा होता.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रवचन चालू असताना मागच्या तीन बाकांवरचे लोक सारखे दाराकडे बघत होते. कॉफी कुठे उकळते आहे ते कुणालाच कळेना. प्रवचन त्या दिवशी लवकर आटोपलं.

आता खरं तर आर्मासने तो चोथा मुकाट्याने नेऊन पसरायचा होता. कुणी विचारणार नव्हतं. पण सहाव्या होलपासून ओढा चाळीस मीटरवर होता, आणि आर्मास जन्मभर नियमांची पुस्तकं वाचलेला माणूस. त्याने आपणहून नगरपालिकेत फोन केला आणि कॉफीचा चोथा पसरायला परवानगी लागते का, असं विचारलं.

पर्यावरण विभागात पिन्या नावाची तरुण मुलगी होती. ओढा किती लांब आहे ते तिने विचारून घेतलं. मग म्हणाली, “तुम्ही विचारलं नसतंत तर लागली नसती.”

“आणि आता?”

“आता विचारलंय ना तुम्ही. ओढ्यापासून पन्नास मीटरच्या आत कचरा पसरवायचा म्हणजे अर्ज. एकवीस दिवस.”

“एकवीस दिवसांत गवत मरेल हो.”

“मग असं करा,” पिन्या मनापासून म्हणाली, “वापरलेली कॉफी कचरा. पण न वापरलेली कॉफी म्हणजे तुमचा माल. स्वतःचा माल स्वतः सांडलात तर त्याला अर्ज नाही.”

चांगली कॉफी बर्फावर ओतायची! आर्मासने हे घरी सांगितलं तेव्हा हिल्काने आठ दिवसांनी पहिलं वाक्य उच्चारलं. ते इथे देता येणार नाही. आर्मासने अर्ज भरला. कचऱ्याचा प्रकार: जनावरांचा, कारखान्याचा की घरगुती? घरगुती. तो कोणत्या कारणाने निर्माण झाला? इथे त्याने बराच विचार करून ‘पाहुणे’ असं लिहिलं. ‘अर्जदाराचा या जागेशी संबंध’ या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. चार ओळींची जागा होती. त्याने शेवटी ‘जुना’ एवढंच लिहिलं.

एकवीस दिवस लागणारी परवानगी पिन्याने नऊ दिवसांत दिली. कदाचित त्या शब्दामुळे असेल. अटी तीन: हाताने पसरणे, यंत्र नेऊ नये, वारा नसावा.

आर्मासने दोन दिवस लहान घसरगाडीवरून चोथा वाहून नेला आणि पेरणी करावी तसा मुठीमुठीने पसरला. दुसऱ्या दुपारी ऊन पडलं. काळ्या थरातून बारीक टपटप ऐकू येऊ लागली. तो गुडघ्यावर बसून ते ऐकत राहिला. त्या रात्री तो नियमांचं पुस्तक न उघडता झोपला.

सकाळी उठून बघतो तर वीतभर नवा बर्फ. एप्रिलमध्ये एकदा हिवाळा मागे वळून येतोच, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आर्मासलाही माहीत होतं. फक्त त्या दोन दिवसांत तो ते विसरला होता. पांढऱ्या शुभ्र बर्फाखाली गावाची आठवड्याची कॉफी गाडली गेली होती. तो फावडं घेऊन गेला. अर्ध्या तासाने त्याचं फावडं मोडलं, आणि नेमक्या त्याच वेळी टेकाडावर राउनीबाई उभ्या होत्या.

“दांडा मोडला,” आर्मास म्हणाला.

“दिसतंय.” त्या थोडा वेळ बघत राहिल्या. “वय काय तुझं?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“मला वाटलं जास्त असेल,” राउनीबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

आर्मास मोडक्या दांड्यावर बसून राहिला. बावन्न वर्षं संसार केलेल्या बायकोला कॉफीत वाफवलं, मेलेल्या बाईच्या नावाने चोथा गोळा केला, सरकारला फसवलं नाही म्हणून नऊ दिवस घालवले. आणि हे सगळं एका अशा होलसाठी, ज्याच्या पितळी पट्टीकडे आपल्याला नीट बघताही येत नाही.

पण राउनीबाई घरी गेल्या नव्हत्या. शनिवारी सकाळी आर्मास आला तर टेकाडावर तीस-पस्तीस माणसं. राउनीबाईंनी तालकोत पुकारलं होतं. तालकोत म्हणजे सगळ्यांनी मिळून फुकट राबायचं आणि शेवटी वाटाण्याचं सूप प्यायचं. त्याला नाही म्हणणारा माणूस गावात पुढे जगू शकत नाही. सिस्को होती, लेम्पीचा मुलगा होता, पिन्यासुद्धा होती, ‘अटींचं पालन पाहायला’, पण हातात पहार घेऊन. हिल्का सुपाच्या भांड्यापाशी उभी होती.

“सरळ खाली घाव घाला!” कुणी ओरडलं.

“गवत फाटेल!”

“उकळतं पाणी ओता!”

“त्याने उरलंसुरलं शिजेल. सुपात घालायचंय का?”

इतक्यात फर वृक्षांमधून काउको आला. वृद्धनिवासातून, एकटा, तीन किलोमीटर, पायढकल घसरगाडीवरून. या गाडीला पुढे खुर्ची आणि खाली लांब पोलादी पट्ट्या असतात. मागे उभं राहून एका पायाने ढकलायची. मोडक्या हाडाच्या माणसाने ती चालवायची नसते. काउकोच्या पायात घरातल्या लोकरी चपला होत्या.

“तुला सोडलं त्यांनी?” आर्मासने विचारलं.

“विचारलं असतं तर सोडलं नसतं. मी काय तुझ्यासारखा आहे? सरका सगळे! वरून नका मारू, गाढवांनो. कडेने घ्या. पहार आडवी घाला, अलगद. खाली कॉफीने पाणी केलंय, कळत नाही? बर्फ सुटलेलाच आहे. नुसता बसून राहिलाय.”

आणि खरंच, कडेने पहार घालताच बर्फाचा मोठा तुकडा तव्यावरची भाकरी सुटावी तसा सुटला. मग दुसरा. तुकडे ओढायला माणसांच्या रांगा लागल्या. दुपारपर्यंत सगळी हिरवळ उघडी पडली. ती हिरवी नव्हती; जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळी होती, वर कॉफीचे डाग. सगळे वाकून बघू लागले.

“मेलंय की झोपलंय?” पिन्याने विचारलं.

ते लगेच कळत नाही. त्याची रीत अशी, की मातीसकट गवताचा मूठभर तुकडा कापायचा आणि उबदार खिडकीत ठेवायचा. जिवंत असेल तर दोन आठवड्यांत कोंब फुटतो. गावातली सगळ्यात उबदार खिडकी वृद्धनिवासात होती. काउकोने तुकडा आपल्या कॉफीच्या मगात घातला आणि तो मग मांडीवर घेऊन, राउनीबाईंच्या गाडीत बसून, शिव्या खात परत गेला.

“एकोणतीस तारखेला मी बघायला येणार,” राउनीबाईंनी बजावलं. “हिरवं असलं तर सहावं राहील.”

मग आर्मास रोज दुपारी काउकोच्या खोलीत जाऊ लागला. दोघं खिडकीशी खुर्च्या टाकून मगाकडे बघत बसत. गवत उगवताना बघणं हे काम दोघांच्याही स्वभावाला मानवणारं होतं. दोन-दोन तास कुणी बोलत नसे. परिचारिका आत डोकावून, हे दोघं ठीक आहेत ना, ते बघून जाई. अकराव्या दिवशी काउकोने त्याच्या हाताला कोपराने ढोसलं. पिवळ्यात सुईच्या टोकाएवढं काहीतरी हिरवं होतं. दोघांनी चष्मे पुसले. तरी हिरवंच.

एकोणतीसला राउनीबाई आल्या, त्यांनी तो मग उचलून उजेडात धरला, वास घेतला. “कॉफीचा वास येतो,” म्हणाल्या. तो खाली ठेवून पाठ फिरवली, आणि दारातून म्हणाल्या, “जूनमध्ये पहिला फटका तू मारायचास, आर्मास. मला वेळ नाही.” त्यांचा आवाज त्या दिवशी काचेपलीकडून येत नव्हता.

त्या गेल्यावर आर्मासने दार लावलं. कोपऱ्यात काउकोच्या दोन पेट्या बांधून तयार होत्या. आर्मासला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

“काउको.”

“हं.”

“त्या दिवशी. माझा चेंडू.”

काउको मगाकडे बघत राहिला.

तो दिवस असा होता. आर्मास सत्तेचाळीस वर्षांचा, त्या उन्हाळ्यातल्या सगळ्या स्पर्धांत शेवटचा आलेला. सहाव्याची हिरवळ टेकाडामागे, मारणाऱ्याला दिसत नाही. म्हणून काउको पुढे जाऊन टेकाडापलीकडे उभा होता. वाट मोकळी झाली की तिथली घंटा वाजवायची असते. ती एकदा वाजली आणि आर्मासने मारला. चेंडू टेकाडावरून गेला. मग काहीच नाही. आर्मासने काठी पुसली, पिशवीत ठेवली, टोपी नीट केली, तरी काहीच नाही. आणि मग एकदम पुन्हा घंटा, चर्चला आग लागल्यासारखी, आणि काउकोची आरोळी: ‘आत! आत गेला!’

ती मधली शांतता. चेंडू आत जायचा तर लगेच जातो. अर्धं मिनिट काउको तिकडे काय करत होता? काउको मनाचा मऊ माणूस होता. हरलेल्या मित्राचा चेंडू उचलून होलमध्ये टाकायला अर्धं मिनिट भरपूर होतं. एकतीस वर्षं आर्मासने हे विचारलं नव्हतं, कारण उत्तर काहीही आलं तरी त्याला काउकोकडे पुन्हा तसंच बघता आलं नसतं.

“तू तो आत टाकलास का?” त्याने विचारलं.

काउकोने वळून बघितलं. “मी? टाकला?” त्याचा चेहरा हळूहळू पडला. “एकतीस वर्षं तुला असं वाटतंय?”

“घंटा उशिरा वाजली.”

“हो. वाजली उशिरा.” काउकोने हनुवटी खाजवली. “मी सांगणार होतो. मग तू सगळ्या क्लबला केक खायला घातलास. मग ती पट्टी झाली, तिच्यावर माझंही नाव. मग कसं सांगणार? हे बघ. चेंडू आला तो होलच्या काठावर थांबला. अर्धा आत, अर्धा बाहेर. मला नियम माहीत होता, तूच ऐकवायचास: काठावरच्या चेंडूसाठी दहा सेकंद थांबायचं, त्यानंतर पडला तर एक फटका जास्तीचा धरायचा. मी दहा मोजले. नाही पडला. मग मी उगाच मोजत राहिलो. बावीसला पडला.” तो थांबला. “बावीसला, आर्मास. मी खोटी सही केली. दर ख्रिसमसला चर्चमध्ये मला तो आकडा आठवतो.”

आर्मास त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं, जे हिल्काने शेवटचं बहुधा लग्नात पाहिलं असेल.

“काउको, मी तिथे होतो का?”

“कुठे?”

“होलपाशी. ते दहा सेकंद खेळाडू होलपाशी पोचल्यावर सुरू होतात. पोचायला त्याला वाजवी वेळ मिळतो. मी टेकाडापलीकडून येणार, माझ्या चालीने. चार मिनिटं तरी लागली असती. बावीस काय, तू दोनशे मोजायला हवे होतेस.”

“मग?”

“मग तो आत होता. नियमाने आत होता. पहिल्या फटक्यात.”

काउकोने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग त्याचे खांदे हलू लागले. “म्हणजे मी एकतीस वर्षं फुकट...”

“मीसुद्धा.”

“अरे गाढवा, तू पुस्तक पाठ केलेला माणूस! एकदा विचारलं असतंस तर!”

“तू एकदा सांगितलं असतंस तर!”

दोघं इतके हसले की परिचारिका धावत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीची गाडी दारात उभी होती. काउको पुढच्या सीटवर बसला, मांडीवर तो मग, मगात बोटभर हिरवं गवत. हे त्याने कुणाला विचारून घेतलं नव्हतं. आर्मास खिडकीपाशी वाकून उभा राहिला. दोघांनाही निरोप घेता येत नव्हता. त्यांच्या पिढीत ते शिकवलेलंच नव्हतं.

गाडी सुरू झाली तशी काउकोने काच खाली केली.

“ग्रंथपाला, एक राहिलं. बावीस म्हणताना मला शिंक आली होती. जरा मोठीच होती. होलवर वाकलेला होतो मी. त्याचं काय असतं रे पुस्तकात?”

आणि गाडी निघून गेली.

आर्मास घरी आला. पुस्तक टेबलावर होतं. वाऱ्याबद्दल त्यात पान होतं, पाण्याबद्दल होतं, कुत्र्याने चेंडू पळवला तर काय करायचं तेही होतं. शिंकेबद्दल काही असल्याचं त्याला आठवत नव्हतं. नसेलच, असंही खात्रीने सांगता येत नव्हतं. त्याने पुस्तक उचललं, चष्मा शोधला.

मग पुस्तक कपाटात ठेवलं, कोट घातला, आणि क्लबच्या भिंतीवरची ती पेटी जरा नीट बघून यावी म्हणून बाहेर पडला.